तणाव आणि तणावा

डोलकाठी किती मागे झुकवावी, हा प्रश्न वयाच्या ६१व्या वर्षापर्यंत माझ्यापुढे कधी आला नव्हता. ३४ वर्षं एका सरकारी खात्यात बसून मी नियमांचे अर्थ लावले. रजेचे नियम, प्रवासभत्त्याचे नियम, आणि रजेवर असताना केलेल्या प्रवासाचाही भत्ता मागणाऱ्यांचे अर्ज. परिपत्रकात ‘तथापि’ आला की सरकारचं मन कुठे वळणार, हे मला पान उलटण्याआधी कळायचं. बायकोच्या मनाचं तसं कधी कळलं नाही. तिच्या बोलण्यात ‘तथापि’ येतच नाही, थेट अंमलबजावणी असते.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी सॅन डिएगोला भाच्याकडे गेलो. पहिल्याच रविवारी सकाळी तो मला पाण्यावर घेऊन गेला. जून महिना होता. तिथे जूनमध्ये ढग सकाळी खाली उतरून बसतात आणि जेवणाच्या सुटीला बरोबर उठतात. मला कचेरीत आल्यासारखंच वाटलं. वाळूवर १४ बोटी ओळीनं लावलेल्या होत्या, आणि माझा भाचा, दोन पदव्या मिळवलेला माणूस, गुडघ्यांवर बसून एका धातूच्या पट्टीतली भोकं मोजत होता.

‘मामा, काल पिन चौथ्या भोकात होती की पाचव्या?’

‘वरून की खालून?’ मी विचारलं.

त्यानं मान वर केली. ज्या नजरेनं लोक बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या शाळासोबत्याकडे बघतात, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. ‘मामा,’ तो म्हणाला, ‘तू इथे फार रमणार आहेस.’

आता बोटीविषयी. या बोटीला म्हणतात कॅटमरान. दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी ठेवायच्या, मधे आडवे दांडे टाकायचे, दांड्यांवर ताणून कापड बसवायचं, आणि त्या कापडावर दोन माणसांनी आयुष्यभर भांडायचं. भाच्याची बोट होबी १६ या जातीची. लांबी जेमतेम ५ मीटर. होबी आल्टर नावाचा कॅलिफोर्नियातला माणूस लाटांवर उभं राहायच्या फळ्या बनवायचा. त्याला १९६०च्या दशकाच्या शेवटी वाटलं, वाळूवरून ढकलून थेट लाटेत घालता येईल अशी शिडाची बोट हवी. म्हणून तिच्या पोटाखाली पाण्यात खुपसायची फळीच ठेवली नाही. दोन्ही होड्या केळ्यासारख्या वाकड्या केल्या, त्या वाकडेपणावरच बोट सरळ जाते. हे तत्त्व मी आमच्या खात्यात प्रत्यक्ष पाहिलेलं असल्यामुळे मला लगेच पटलं.

नाव मात्र आपल्याकडचं. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणं आणि ‘मरम’ म्हणजे झाड, लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी लाकडाचे ओंडके दोरानं एकत्र बांधून समुद्रात जात, ते कट्टुमरम. परत आले की दोर सोडायचा आणि ओंडके वाळत घालायचे. म्हणजे तिथे रोज संध्याकाळी बोट संपायची आणि रोज पहाटे नवी व्हायची. अशा बोटीची मोजणी कुणी, कधी आणि कशाची करणार? खरं तर दोन होड्यांची बोट ही पॅसिफिक बेटांवरची, त्या ओंडक्यांशी तिचा संबंध नाही. साहेबानं बोट एकीकडची पाहिली आणि नाव दुसरीकडचं टिपलं. नोंद चुकली, आणि एकदा नोंद झाली की ती बदलत नाही, हे कुठल्याही कारकुनाला ठाऊक असतं.

तर भोकं. डोलकाठी पुढच्या आडव्या दांड्यावर नुसती टेकलेली असते. तिला उभं ठेवतात तीन तारा, एक पुढे आणि दोन बाजूंना. गणपतीच्या मांडवाच्या खांबाला तणावे देतात ना, तसेच. बाजूच्या तणाव्यांच्या खालच्या टोकाला ही भोकांची पट्टी असते. पिन एक भोक खाली घातली की तणावा आखूड होतो आणि डोलकाठी मागे झुकते. खाली बोटभर फरक पडला की वर आठेक मीटरवरच्या टोकाला वीतभर पडतो.

वीतभरानं काय होतं? होबी १६चं नाक निमुळतं. वारा जोराचा आला की ती नाक पाण्यात खुपसते, मागची बाजू वर येते आणि बोट पुढच्या पुढे कोलांटी मारते. बसलेली माणसं मग बोटीच्या आधी पुढे पोचतात, पण ते शर्यतीत धरत नाहीत. काठी मागे झुकवली की नाक वर राहतं. म्हणून सगळे झुकवतात. किती झुकवतात? शीड ओढायच्या दोराला दोन कप्प्या असतात, एक वर आडव्या काठीला आणि एक खाली. काठी मागे जाऊ लागली की वरची कप्पी खाली येते, आणि एक वेळ अशी येते की कप्पीला कप्पी टेकते. पुढे ओढायला दोरच उरत नाही. कुठल्याही समंजस समाजानं इथे थांबायला हवं होतं. या समाजानं कमी उंचीच्या कप्प्या विकत घेतल्या.

‘हे चालतं?’ मी विचारलं.

‘त्याचंच तर पुस्तक आहे,’ भाचा म्हणाला, आणि मोटारीतून त्यानं वर्गाच्या नियमांचं बाड काढून माझ्या हातात दिलं. त्या क्षणी माझी सुटी संपली आणि मला पुन्हा नोकरी लागली.

शर्यतीच्या बोटींचे नियम दोन प्रकारचे असतात, खुले आणि बंद. खुल्या नियमात जे मना केलेलं नाही ते चालतं. बंद नियमात ज्याला परवानगी दिलेली नाही ते चालत नाही. हे मला समजावून सांगायला भाचा अर्धा तास घेणार होता. मी त्याला एका वाक्यात उरकलं. खुला नियम म्हणजे आजोळ आणि बंद नियम म्हणजे वडिलांचं घर. आजोळी, विहिरीत पोहू नको एवढं सांगितलेलं असायचं. म्हणून आम्ही विहिरीच्या काठावरच्या झाडावरून उड्या मारायचो आणि ‘पोहत नव्हतो, पडलो’ म्हणून सांगायचो. वडिलांच्या घरी खिडकी उघडायची तरी आधी विचारावं लागायचं, आणि विचारलं की ‘कशाला?’ असा प्रतिप्रश्न यायचा.

होबी १६ हे वडिलांचं घर. कारखान्यातून आली तशी बोट ठेवायची. पुस्तकात अमुक बदलायला हरकत नाही असं लिहिलं असेल तर तेवढंच बदलायचं. लिहिलं नसेल तर तो विचारही मनात आणायचा नाही. जागतिक स्पर्धेत तर बोटी संयोजकच पुरवतात आणि खेळाडू त्या आळीपाळीनं वापरतात. लग्नात भाड्याची पातेली आणतात तसंच हे. वरणाला चव आली नाही तर दोष आचाऱ्याचा, पातेल्याचा नाही.

आजोळ बघायचं तर ए क्लास. ही एकट्या माणसाची कॅटमरान. लांबी ५.४९ मीटर, रुंदी २.३० मीटर, वजन किमान ७५ किलो, शीड १३.९४ चौरस मीटर. एवढं सांभाळा, बाकी तुम्ही आणि तुमचा खिसा. पुढे काही जणांनी पाण्यातल्या फळ्यांना असा बाक द्यायला सुरुवात केली की बोट पाण्यावर उचलली जाईल. वडीलधारे घाबरले. त्यांनी नियम केला, फळ्या वरूनच आत घालता आल्या पाहिजेत आणि त्यांच्या टोकांमध्ये दीड मीटर अंतर पाहिजे. थोडक्यात, विहिरीत पोहू नये. मग पोरांनी वरून घालता येतील, दीड मीटर अंतरही राहील आणि तरीही बोट उडेल अशा फळ्या वाकवल्या. आज त्या वर्गात दोन विभाग आहेत, उडणाऱ्यांचा वेगळा आणि पाण्याला धरून राहणाऱ्यांचा वेगळा. भाऊबंदकीत शेवटी होतं तेच झालं, अंगणात भिंत आली.

परत तणाव्यांकडे. अनेक वर्गांच्या पुस्तकात या अर्थाचं एक वाक्य असतं की, शर्यत चालू असताना उभे तणावे हलवू नयेत. किनाऱ्यावर, पिन घालताना, हवी तितकी भोकं मोजा. पण शर्यत सुरू झाली की हात लावायचा नाही. वाक्य साधं आहे. मीही पहिल्यांदा साधंच समजलो. पण ज्या वाक्यात मला काही अडचण दिसत नाही, त्याच वाक्यावर माझ्या नोकरीतली सर्वांत जाड फाइल उभी राहिली होती, म्हणून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

‘उभे तणावे’ म्हणजे कोणते? याची व्याख्या शिडाच्या शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या साधनांच्या नियमांत आहे. डोलकाठीला आधार देतं ते उभं दोरकाम. ते कमी-जास्त करता येण्याजोगं असू शकतं, पण शर्यतीत सर्वसाधारणपणे सोडलं जात नाही. आणि शीड किंवा काठी हवी तशी करण्यासाठी जे मुख्यत्वे वापरलं जातं, ते धावतं दोरकाम. त्याला शर्यतीत वाटेल तेव्हा ओढा, सोडा.

‘सर्वसाधारणपणे’ आणि ‘मुख्यत्वे’! परमुलखात एकाएकी ओळखीची माणसं भेटावीत तसं मला झालं. या दोन शब्दांवर मी अर्धी हयात काढली आहे. ‘कर्मचाऱ्यानं सर्वसाधारणपणे मुख्यालयी राहावं’ या वाक्याच्या आधारानं आमचे एक सहकारी सहा वर्षं मुख्यालयाबाहेर राहिले, आणि सहाही वर्षं ते नियमात होते.

आता होबी १६ची गंमत बघा. पुढचं शीड वर चढवायचा जो दोर असतो, तो हॅलयार्ड, तो धावत्या दोरकामात येतो. पण होबीवर हा दोर असा करकचून ओढतात की पुढची तार सैल पडते आणि डोलकाठीचा पुढचा सगळा भार त्या शिडाच्या काठावर, म्हणजे पर्यायानं या दोरावर येतो. तो जरा ढिला केला की डोलकाठी मागे झुकायला मोकळी. बाजूच्या तणाव्यांना कुणी बोटही लावलेलं नाही. मग हा दोर शिडाचा की काठीचा? धावता की उभा? पदनाम कनिष्ठ लिपिकाचं आणि सगळं कार्यालय त्याच्यावर चालतं, अशी ही केस.

वाळूवर यावर तासभर चर्चा झाली. एक निवृत्त वैमानिक म्हणाले, दोराचं नाव हॅलयार्ड आहे, विषय संपला. शेजारच्या बोटीवरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नावावर काय जाता, तो काम काय करतो ते बघा. भाचा म्हणाला, हेतू बघा. मी म्हणालो, व्याख्येत हेतू नाही, ‘मुख्यत्वे’ आहे. तेव्हा दोर एकूण वेळेपैकी किती वेळ शीड धरतो आणि किती वेळ काठी धरतो याची नोंदवही ठेवावी लागेल. एकदम शांतता झाली. माझ्या बोलण्यानंतर अशी शांतता पसरायची सवय मला आहे. पण इथे ती आदराची होती.

रात्री झोप लागेना. अमेरिकेच्या वेळेची सवय झाली नव्हती, आणि प्रकरणाची पूर्वपीठिका वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही ही जुनी सवय. म्हणून पूर्वपीठिका काढली.

पहिलं प्रकरण १८७६चं. नथानिएल हेरशॉफ या तरुण अभियंत्यानं ‘अमॅरिलिस’ नावाची कॅटमरान बांधली आणि न्यूयॉर्कला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या शर्यतीत उतरवली. मोठमोठ्या घराण्यांच्या जड बोटी मागे टाकून ती पुढे गेली. लगोलग तक्रारी झाल्या, आणि पुढे कॅटमरानना नेहमीच्या शर्यतींचं दारच बंद झालं. दोन होड्या चालणार नाहीत असं आधी कुणी लिहिलं नव्हतं, कारण असं कुणी करेल हेच कुणाला सुचलं नव्हतं.

दुसरं तर मी राहत होतो त्याच गावातलं. अमेरिकाज कप या प्रसिद्ध स्पर्धेचा कारभार १८८७च्या एका बक्षीसपत्रावर चालतो. आपल्याकडे बक्षीसपत्रानं शेत देतात आणि तीन पिढ्या कोर्टात घालवतात. तिकडे चषक दिला, एवढाच फरक. न्यूझीलंडच्या मायकेल फे यांनी त्यात वाचून दाखवलं की पाण्याच्या रेषेवर ९० फुटांपर्यंतची बोट चालते, आणि तेवढी प्रचंड बोट बांधून आव्हान दिलं. सॅन डिएगोच्या लोकांनीही तेच बक्षीसपत्र वाचलं. होड्या किती असाव्यात हे त्यात नव्हतं. त्यांनी ६० फुटी कॅटमरान आणली आणि १९८८च्या सप्टेंबरमध्ये दोन्ही शर्यती आरामात जिंकल्या. त्यानंतरची शर्यत न्यूयॉर्कच्या कोर्टांत झाली. १९८९मध्ये एका न्यायाधीशांनी चषक न्यूझीलंडला दिला, वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला, आणि १९९०मध्ये सर्वांत वरच्या कोर्टानं सांगितलं की बक्षीसपत्रात कॅटमरानला मनाई नाही. म्हणजे पाण्यावरच्या शर्यतीपेक्षा कागदावरची शर्यत कितीतरी लांब चालली. हे वाचून मला घरची आठवण आली.

तिसरं याच चषकाचं, २०१३चं, सॅन फ्रान्सिस्कोचं. त्या खेपेला ७२ फुटी कॅटमरान होत्या. नियम करणाऱ्यांना वाटलं होतं, इतकी बंधनं घातल्यावर एवढं धूड काही पाण्याबाहेर उठायचं नाही. न्यूझीलंडच्या संघानं नियमाचं एकही अक्षर न मोडता ते उठवलं. दुसरीकडे अमेरिकेच्या संघाला त्याआधीच्या लहान बोटींच्या शर्यतींवरून शिक्षा झाली. एका बोटीच्या एका आखूड खांबात वजन भरलेलं सापडलं. पंचांनी अडीच लाख डॉलर दंड केला आणि मुख्य स्पर्धेत दोन गुण कापले. शून्याखाली दोनवरून सुरुवात करून, आणि मध्यंतरी १-८ असे मागे पडूनही, ते शेवटी ९-८ जिंकले. चषक ज्याला मिळाला त्याला मिळाला. पोकळ खांबांकडे मात्र त्या दिवसापासून कुणी भाबडेपणानं बघत नसेल.

पहाटे चार वाजता बाड मिटलं तेव्हा मला एक गोष्ट उमगली. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाटी आहे, ‘लिफ्टमधून बोकड नेऊ नये’. नवा माणूस ती वाचून हसतो. आम्ही जुने लोक हसत नाही, कारण आम्हाला तो बोकड आठवतो, त्याचा मालक आठवतो, आणि तिसऱ्या मजल्यावर अर्धा तास अडकलेल्या जोशीकाकू आठवतात. नियमांचं पुस्तक म्हणजे अशाच बोकडांची वंशावळ. प्रत्येक कलमामागे कुणीतरी एकदा काहीतरी करून गेलेलं असतं. त्याचं नाव गळतं आणि कलम राहतं. ज्याला हे वाचता येतं, त्याला त्या पुस्तकात सगळं गाव भेटतं.

सगळीच कलमं चलाखीतून आलेली नसतात, हेही दुसऱ्या दिवशी कळलं. भाच्याच्या डोलकाठीचं वरचं टोक ॲल्युमिनियमचं नाही, फायबरग्लासचं आहे. मला वाटलं, वेगासाठी केलेली काहीतरी युक्ती असेल. तो म्हणाला, ‘नाही मामा. लोक काठी उभी ठेवूनच बोट वाळूवरून, वाहनतळावरून ओढत न्यायचे. वरून विजेच्या तारा गेलेल्या असायच्या. माणसं मेली.’ म्हणून १९८०च्या दशकात ते टोक वीज न वाहणारं केलं. मी त्या टोकाकडे बराच वेळ बघत राहिलो. उंचीवरचा तो पांढरा तुकडा बोटीला वेग देत नाही. कुणीतरी परत न आल्यामुळे तो तिथे आहे. त्यानंतर बाड वाचताना मी पेन्सिलीनं खुणा करणं थांबवलं नाही, पण प्रत्येक ओळीला आधी मनातल्या मनात नमस्कार करू लागलो.

एक कलम बायकोला फार आवडलं. होबी १६वर दोघांचं मिळून वजन किमान १२९ किलो लागतं. कमी भरलं तर तेवढं वजन बोटीत बाळगावं लागतं. भाचा आणि भाचेसून मिळून १२१ भरायचे आणि आठ किलोचं ओझं घेऊन शर्यत करायचे. ही ऐकून हबकलीच. म्हणाली, ‘अगं, शिसं कशाला वाहता? मी आहे ना.’ आणि दुसऱ्याच दिवशी तिनं पुरण शिजत घातलं. भाचेसुनेनं घाबरून मला विचारलं, ‘मामा, नियमात पुरणपोळीला बंदी आहे का हो?’ मी पुस्तक चाळलं. बंदी नव्हती. पण परवानगीही नव्हती, आणि हा बंद नियमांचा वर्ग. कायद्यानं पाहता पुरणपोळी चालत नव्हती. हिनं माझा हा अर्थनिर्णय ऐकून घेतला आणि माझ्या ताटातली पोळी उचलून भाचेसुनेच्या ताटात वाढली.

आता मुख्य प्रकरण.

जुलैतला एक रविवार. वारा चांगला होता. बोटी वळसा घेऊन किनाऱ्याजवळून जात होत्या, इतक्या जवळून की माणसांचे चेहरे दिसत होते. भाचा पाचव्या क्रमांकावर होता, आणि त्याच्या मागे अगदी थोड्या अंतरावर त्या दातांच्या डॉक्टरीणबाई. एवढ्यात माझं लक्ष भाच्याच्या पुढच्या शिडाकडे गेलं. त्याची कड झोळीसारखी लोंबत होती. तोच तो हॅलयार्ड! बाकी कुणाला तो दोर म्हणजे एक दोर असेल; मी त्याच्यावर दोन रात्री जागलो होतो. मी भान विसरलो. पाण्यात गुडघाभर शिरून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो,

‘अरे गाढवा, दोर सुटलाय, ओढ!’

भाचेसून सर्रकन पुढे सरकली, तिनं दोर ओढला, शीड ताठ झालं. आणि त्याच क्षणी मागच्या बोटीवरून खणखणीत आवाज आला, ‘प्रोटेस्ट!’ सहा मीटरहून लहान बोटीला तक्रार करताना लाल झेंडा दाखवावा लागत नाही, नुसतं ओरडलं तरी पुरतं. म्हणजे ओरडण्याची सोय नियमात होती. फक्त ती माझ्यासाठी नव्हती.

संध्याकाळी सुनावणी. लांब टेबल, पलीकडे तिघंजण, मधे पाण्याचा जग. खुर्चीत बसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निवृत्तीनंतर इतकं आपलेपण मला कुठे वाटलं नव्हतं.

नियम ४१. बोटीनं शर्यतीत बाहेरून मदत घ्यायची नाही. त्याला थोडे अपवाद आहेत. त्यांतला एक असा की, न मागता मिळालेली आणि हितसंबंध नसलेल्या माणसानं दिलेली माहिती चालते. भाचा याच अपवादावर उभा राहिला.

पहिला मुद्दा, ‘न मागता’. भाचा म्हणाला, ‘गेल्या ३२ वर्षांत मी मामाकडे सल्ला मागितल्याचं मला आठवत नाही. आणि तो मिळाला नाही असा दिवसही आठवत नाही.’ तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा मुद्दा निर्विवाद मान्य झाला.

दुसरा मुद्दा, ‘माहिती’. अध्यक्षांनी मला ओरडलेले शब्द अर्थासह सांगायला सांगितले. मी प्रामाणिकपणे पदच्छेद केला. ‘गाढवा’ हे संबोधन. त्यात माहिती नाही, असलीच तर ती भाच्याला आधीपासून आहे. ‘दोर सुटलाय’ ही शुद्ध माहिती. ‘ओढ’ हा मात्र आज्ञार्थ. माहिती निवेदनात असते, आज्ञार्थात सल्ला असतो. भाच्यानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण ३४ वर्षांत मी कुठल्याही टिपणीत आज्ञार्थ लपवला नव्हता, तो आता कसा लपवणार?

तिसरा मुद्दा, ‘हितसंबंध’. अध्यक्षांनी विचारलं, ‘या बोटीच्या निकालात तुम्हाला काही स्वारस्य आहे का?’ मी म्हणणार होतो, मला स्वारस्य जेवणात आहे. पण शब्द घशात अडकले. या पोराचं जावळ माझ्या मांडीवर निघालं होतं. त्याच्याशी माझा हितसंबंध नाही असं सांगून मी रात्री बहिणीला फोन कुठल्या तोंडानं करणार? ‘आहे,’ मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी मग शेवटचा टाका घातला. त्या म्हणाल्या, दोर आपोआप सुटला असेल तर बाहेरून मदत झाली. आणि दोर मुद्दाम सोडला असेल तर शर्यतीत डोलकाठी हलवली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि विहिरीच्या काठावर मी. समितीनं आडाला हात लावला नाही. हॅलयार्ड उभा की धावता, हा प्रश्न घेतला असता आणि शंका उरली असती, तर फाइल वर्गाच्या संघटनेकडे अर्थनिर्णयासाठी पाठवावी लागली असती. फाइल वर जाऊ नये म्हणून सोप्या मुद्द्यावर निकाल द्यायचा, ही कला तिकडेही आहे हे बघून बरं वाटलं. भाच्याची बोट नियम ४१खाली बाद झाली. १४ बोटींत बाद झालेल्याला १५ गुण, आणि या खेळात गुण जितके कमी तितकं चांगलं. परतताना मोटारीत कुणी बोललं नाही. फक्त मागच्या सीटवरून ही म्हणाली, ‘एवढं वाचता, मग गप्प बसायचं कलम नव्हतं का त्यात?’

आम्ही भारतात परतलो. यंदाच्या मे महिन्यात भाच्याचं एक पाकीट आलं. आत त्याच क्लबच्या या वर्षीच्या शर्यतीच्या सूचना होत्या. सगळ्या गेल्या वर्षीच्याच, पण शेवटी एक नवी ओळ वाढलेली. भाच्यानं तिच्याखाली लाल रेघ मारली होती: किनाऱ्यावरील व्यक्तींनी शर्यतीतील बोटींना कोणत्याही भाषेत ओरडून सूचना देऊ नयेत.

मी ती ओळ तीनदा वाचली. ‘कोणत्याही भाषेत’! पुढे दहा-वीस वर्षांनी कुणीतरी नवा माणूस त्या वाळूवर ती वाचेल आणि हसेल. तेव्हा कुणी जुना माणूस त्याला सांगेल, हसू नकोस, एकदा इथे एक मामा आला होता. ३४ वर्षांत माझ्या सहीनं शेकडो कागद निघाले. पण माझ्यामुळे जन्माला आलेलं हे पहिलं कलम. मी कागद फ्रेम करून देवघराशेजारी लावला. हिनं तो काढून बाथरूमशेजारी लावला.

तिथे रोज दात घासताना नजर जाते. आणि काल ब्रश तोंडात तसाच राहिला. ‘भाषेत’. ‘ओरडून’. म्हणजे न ओरडता, आणि भाषा नसलेल्या मार्गानं काही कळवलं तर? कलम त्यावर गप्प आहे. कपडे वाळत घालायला मनाई करणारं तर काहीच नाही.

जूनची तिकिटं काढली आहेत. बॅगेत एक लाल टॉवेल आणि एक हिरवा टॉवेल भरला आहे. हिनं विचारलं, दोन कशाला? मी म्हणालो, सर्वसाधारणपणे एक पुरतो.